शेतीच्या हिशेबातील शेकडेवारी व आलेखाची रीत

शेतीच्या व्यवहारात शेकडेवारीचा संबंध पदोपदी येतो. बियाण्याच्या पिशवीवर उगवणशक्ती टक्क्यांत छापलेली असते. खताच्या पोत्यावर अन्नद्रव्यांचे प्रमाण टक्क्यांत दिलेले असते. बाजार समितीच्या आवारात धान्याचा ओलावा टक्क्यांत मोजला जातो आणि पीक विम्याची भरपाईही टक्क्यांवरूनच ठरते. हे हिशेब चुकतात तेव्हा चूक बहुधा गुणाकाराची अथवा भागाकाराची नसते. ‘शेकडा’ म्हणजे कशाचा शेकडा, हा प्रश्न आरंभी विचारला जात नाही, हे त्या चुकीचे मूळ असते.

वास्तविक हा प्रश्न आपल्या खेड्यांना नवीन नाही. पिकाचा अंदाज आण्यांत सांगण्याची रीत फार जुनी आहे. पूर्ण पीक ते सोळा आणे व अर्धे पीक ते आठ आणे, हे गावातील सर्वांना कळत असे. १ एप्रिल १९५७ पासून दशमान नाणी सुरू झाली, त्यानंतर आणेवारीची पैसेवारी झाली आणि सोळाच्या जागी शंभर आले. आठ आण्यांची रेषा ती पन्नास पैशांची रेषा झाली, इतकाच फरक. मात्र आठ आणे म्हणताना ‘कोणत्या पूर्ण पिकाचे आठ आणे’ हे ठरलेले असावे लागते. मागील वर्षीच्या पिकाचे आठ आणे, शेजारच्या मळ्यातील पिकाचे आठ आणे आणि प्रमाण उत्पन्नाचे आठ आणे या तीन निरनिराळ्या गोष्टी होत. टक्क्यांचेही तसेच आहे.

हे ‘कशाचे’ डोळ्यांस दिसावे म्हणून आलेखाचा उपयोग फार चांगला होतो. त्यासाठी एक आलेख कागद, सरळ पट्टी व टोक केलेली पेन्सिल एवढे साहित्य पुरते. एकदा रेषा काढून ठेवली म्हणजे त्याच प्रकारचे पन्नास प्रश्न नुसत्या बोटाने सुटतात. हिशेब चुकला असेल तर त्याचा बिंदू रेषेबाहेर पडतो व चूक ताबडतोब लक्षात येते. आलेखावरून वाचलेला आकडा अर्ध्या-एका टक्क्याने मागेपुढे होईल हे खरे. परंतु शेतीतील बहुतेक मापांना तेवढी अचूकता पुरेशी आहे.

खताच्या रेषा

सर्वात सोपा प्रकार खतांचा. युरियात शेकडा ४६ नत्र असते, म्हणजे १०० किलो युरियातून ४६ किलो नत्र मिळते. सिंगल सुपर फॉस्फेटमध्ये शेकडा १६ स्फुरद व म्युरेट ऑफ पोटॅशमध्ये शेकडा ६० पालाश असते. येथे शेकडा आहे तो पोत्यातील एकूण खताचा. खत दुप्पट घेतले तर अन्नद्रव्य दुप्पट मिळते व खत शून्य असेल तर अन्नद्रव्यही शून्य असते. म्हणून आलेखावर ही सरळ रेषा होते आणि ती आरंभबिंदूतून निघते.

कागदाच्या आडव्या अक्षावर खताचे वजन घ्यावे. एक सेंटिमीटर म्हणजे २५ किलो असे माप धरले असता १६ सेंटिमीटरात ४०० किलो मावतात. उभ्या अक्षावर अन्नद्रव्य घ्यावे व तेथे एक सेंटिमीटर म्हणजे १० किलो धरावे. आता आडव्या अक्षावरील १०० किलोच्या खुणेवर उभे जाऊन ४६, १६ व ६० या उंचीवर तीन बिंदू द्यावेत. प्रत्येक बिंदू आरंभबिंदूस जोडून रेषा पुढे वाढवावी व तिच्यावर खताचे नाव लिहावे.

वेळेवर पेरलेल्या बागायती गव्हास हेक्टरी १२० किलो नत्र, ६० किलो स्फुरद व ४० किलो पालाश अशी शिफारस केली जाते. उभ्या अक्षावर ६० ही खूण पाहून तेथून आडवे चालत सुपर फॉस्फेटच्या रेषेपर्यंत जावे आणि तेथून खाली उतरावे. उत्तर ३७५ किलो येते, म्हणजे ५० किलोची साडेसात पोती. याच रीतीने १२० किलो नत्रासाठी सुमारे २६१ किलो युरिया व ४० किलो पालाशसाठी सुमारे ६७ किलो म्युरेट ऑफ पोटॅश लागते. गणिताने पडताळा पाहावयाचा तर त्रैराशिक मांडावे: ४६ किलो नत्रास १०० किलो युरिया, तर १२० किलो नत्रास किती? १२० गुणिले १०० भागिले ४६, म्हणजे २६०.९ किलो.

खरी अडचण येते ती मिश्र खत वापरताना. डायअमोनियम फॉस्फेटच्या, म्हणजे डीएपीच्या, पोत्यावर १८-४६-० असे तीन आकडे असतात. ते अनुक्रमे नत्र, स्फुरद व पालाश यांचे असतात. या खताच्या दोन रेषा काढाव्या लागतात. त्यांपैकी स्फुरदाची रेषा ४६ ची असल्याने युरियाच्या नत्राची जी रेषा आधीच काढली आहे तीच येथेही चालते. नवी काढावी लागते ती फक्त १८ ची. आता ६० किलो स्फुरदासाठी ४६ च्या रेषेवरून खाली उतरल्यास सुमारे १३० किलो डीएपी येते. त्याच १३० किलोवरून वर १८ च्या रेषेपर्यंत गेल्यास दिसते की, स्फुरदाबरोबर साडेतेवीस किलो नत्रही शेतात पडले आहे. १२० मधून ते वजा केले असता साडेशहाण्णव किलो नत्र उरते व त्यासाठी सुमारे २१० किलो युरिया पुरतो.

डीएपीतील नत्र हिशेबात न धरता युरियाचे २६१ किलो तसेच दिले जातात, ही गोष्ट अनेक ठिकाणी आढळते. त्यामुळे हेक्टरी ५१ किलो युरिया जास्त पडतो, म्हणजे हल्लीच्या ४५ किलोच्या पोत्याच्या मापाने एक पोते आणि वर काही. पोत्याचे पैसे तर जातातच. शिवाय नत्र फाजील झाल्याने गहू माजतो व लोळतो. गव्हास नत्राचा अर्धा हप्ता पेरणीच्या वेळी व उरलेला पहिल्या पाण्याच्या सुमारास द्यावयाचा असतो, म्हणून डीएपीतील साडेतेवीस किलो पहिल्या हप्त्यातच मोजावेत.

बियाण्याची उगवण: येथे रेषा वळते

खताची रेषा सरळ आहे, तशी प्रत्येक ठिकाणी असेल असे मात्र समजू नये. सोयाबीनच्या बियाण्याचे उदाहरण या दृष्टीने फार बोलके आहे. सोयाबीनच्या दाण्याचे साल पातळ असते. मळणीच्या वेळी यंत्राचा वेग जास्त असल्यास अथवा पोती उंचावरून आपटल्यास अंकुर दुखावतो आणि दाणा वरून निर्दोष दिसत असूनही उगवत नाही. २०२० च्या खरिपात मराठवाड्यात व विदर्भात सोयाबीन न उगवल्याच्या तक्रारी फार मोठ्या प्रमाणावर आल्या व अनेक शेतकऱ्यांवर दुबार पेरणीचा प्रसंग ओढवला. दुबार पेरणी म्हणजे बियाणे, मजुरी व नांगराची वेळ यांचा दुहेरी खर्च आणि वर पावसाचे गेलेले पंधरा दिवस. पेरणीपूर्वी उगवण तपासली असती तर त्यांतील काही नुकसान टळण्यासारखे होते.

तपासणीची रीत सोपी आहे. पोत्यातील वरच्या, मधल्या व तळच्या भागातून दाणे घेऊन ते मिसळावेत व न निवडता शंभर दाणे मोजावेत. ओल्या गोणपाटावर दहा-दहांच्या दहा ओळी मांडून दुसऱ्या ओल्या गोणपाटाने त्या झाकाव्यात. मग गुंडाळी करून ती सावलीत ठेवावी व गोणपाट ओलसर राहील एवढे पाणी शिंपडत जावे. सात-आठ दिवसांनी निरोगी कोंब आलेले दाणे मोजावेत. शंभरातून जितके उगवले तितके टक्के उगवणशक्ती. येथे शेकडा हा अक्षरशः शंभर दाण्यांचा शेकडा आहे.

यासंबंधी एक इशारा देणे अवश्य आहे. शंभर दाण्यांची एकच तपासणी फार विश्वासार्ह नसते. बियाण्याची खरी उगवण ७० टक्के असली तरी एखाद्या शंभरात ६३ तर दुसऱ्यात ७७ दाणे उगवल्याचे दिसू शकते. केवळ योगायोगाने नऊ दाण्यांपर्यंत मागेपुढे होणे स्वाभाविक आहे. बीज तपासणी प्रयोगशाळेत चारशे दाणे घेतात ते याच कारणाने. चारशे दाण्यांत ही फारकत निम्म्यावर येते. म्हणून घरीही चार गुंडाळ्या कराव्यात व चारींची सरासरी घ्यावी. एका गुंडाळीत ६८ आले म्हणून बियाणे नापास व दुसरीत ७२ आले म्हणून पास, असा निकाल देणे योग्य नव्हे.

आता बियाण्याच्या प्रमाणाकडे वळावे. प्रमाणित सोयाबीन बियाण्याची उगवण किमान ७० टक्के असावी लागते आणि त्या उगवणीस एकरी ३० किलो बियाणे सांगितले जाते. ३० किलोचे शेकडा ७० म्हणजे २१ किलो. याचा अर्थ, एकरात उगवणारे बी २१ किलो पडले पाहिजे. पोत्यातील उगवण कितीही असो, हे २१ किलो बदलत नाहीत. उगवण कमी तर बियाणे जास्त, असा हा उलटा संबंध आहे. भास्कराचार्यांनी ११५० साली लिहिलेल्या ‘लीलावती’त सरळ त्रैराशिकाच्या लगेच पुढे व्यस्त त्रैराशिक दिले आहे, ते अशाच प्रश्नांसाठी. जुने परिमाण व जुने फळ यांचा गुणाकार करून त्यास नव्या परिमाणाने भागावे: ३० गुणिले ७० म्हणजे २१००, आणि त्यास नव्या उगवणीने भागावे.

या भागाकाराने पुढील आकडे येतात. उगवण ८० टक्के असेल तर एकरी सव्वासव्वीस किलो, ७० असेल तर ३०, ६५ असेल तर ३२.३, ६० असेल तर ३५, ५५ असेल तर ३८.२, ५० असेल तर ४२ व ४० असेल तर साडेबावन्न किलो. आडव्या अक्षावर उगवण व उभ्या अक्षावर बियाणे घेऊन हे सात बिंदू मांडावेत आणि हाताने जोडावेत. रेषा सरळ येत नाही. ती उजवीकडे सपाट होत जाते व डावीकडे चढत जाते. उगवण जसजशी घटते तसतसा चढ अधिक उभा होतो. ८० वरून ७० वर आल्यास पावणेचार किलो वाढतात, पण ५० वरून ४० वर आल्यास साडेदहा किलो वाढतात. दोन्ही ठिकाणी घट दहाचीच आहे.

कृषि विभागाच्या प्रचारात एक सोपा नियम सांगितला जातो: ७० च्या खाली उगवण जेवढे टक्के कमी, तेवढे अर्धे अर्धे किलो बियाणे एकरी वाढवावे. हा नियम म्हणजे एक सरळ रेषा आहे. ती त्याच कागदावर काढून पाहिली म्हणजे नियमाचे गुण व मर्यादा दोन्ही कळतात. ७० टक्क्यांवर ३० किलो व ६० टक्क्यांवर ३५ किलो या दोन ठिकाणी ती वक्ररेषेस बरोबर मिळते. या दोहोंच्या मध्ये ती किंचित वर असते. ६५ टक्क्यांवर नियमाने साडेबत्तीस किलो येतात व भागाकाराने ३२.३, म्हणजे फरक पाव किलोचाही नाही. तोंडी हिशेबास याहून चांगला नियम सापडणे कठीण. परंतु ६० च्या खाली सरळ रेषा वक्ररेषेच्या खाली राहते. ५० टक्क्यांवर नियमाने ४० किलो येतात, हवे असतात ४२. ४० टक्क्यांवर नियम ४५ सांगतो, हवे असतात साडेबावन्न. म्हणून हा नियम ७० ते ६० एवढ्याच टापूत वापरावा. त्याहून कमी उगवणीचे बियाणे शक्यतो पेरूच नये हे अधिक चांगले. ज्या पोत्यातील निम्मे दाणे गोणपाटात उगवले नाहीत त्यातील उरलेले दाणेही बहुधा अशक्त असतात व शेतातील ढेकळांतून आणि पावसाच्या खंडातून ते वर येतीलच याची खात्री नसते.

पिशवीवरील दुसरा आकडा भौतिक शुद्धतेचा असतो. शुद्धता ९८ व उगवण ७० असल्यास दोहोंची वजाबाकी करावयाची नसते. उगवण ही शुद्ध दाण्यांची मोजलेली असते, म्हणून ९८ चे शेकडा ७० घ्यावे, ते ६८.६ होतात.

ओलावा आणि काटा

सोयाबीनची काढणी व विक्री यांमधील काळात पैशाचा जो प्रश्न येतो तोही टक्क्यांचाच आहे. खरेदीच्या निकषात १२ टक्के ओलावा धरला जातो. समजा, शेतकऱ्याजवळ १० क्विंटल सोयाबीन आहे व ओलावामापक यंत्रात १८ हा आकडा आला. माल वाळवून १२ वर आणला तर काट्यावर किती भरेल? बहुतेकांचे उत्तर असे असते की, सहा टक्के ओलावा गेला, म्हणून दहा क्विंटलांतून ६० किलो वजा जातील. हे उत्तर बरोबर नाही.

चूक कोठे आहे ते पाहावे. १८ टक्के ओलावा हा ओल्या मालाच्या वजनाचा शेकडा आहे आणि १२ टक्के ओलावा हा वाळलेल्या, कमी झालेल्या वजनाचा शेकडा आहे. दोन्ही शेकडे एकाच वस्तूचे नाहीत, म्हणून एकातून दुसरा वजा करता येत नाही. न बदलणारी गोष्ट शोधावी. ती म्हणजे दाण्यातील कोरडा अंश. ओल्या १० क्विंटलांत तो शेकडा ८२, म्हणजे ८.२ क्विंटल आहे. वाळल्यावर हेच ८.२ क्विंटल एकूण वजनाचे शेकडा ८८ होतात. म्हणून वाळलेले वजन ८.२ गुणिले १०० भागिले ८८, म्हणजे ९.३२ क्विंटल भरेल. घट ६८ किलोंची आहे, ६० ची नव्हे.

याचा आलेख काढण्यास अगदी सुलभ आहे. आडव्या अक्षावर मालाचा मूळ ओलावा व उभ्या अक्षावर १० क्विंटलांचे वाळल्यानंतरचे वजन घ्यावे. ओलावा १२ असता वजन १० क्विंटल, हा पहिला बिंदू. ओलावा ३४ असता कोरडा अंश ६६ म्हणजे ८८ चा बरोबर पाऊण भाग असतो, म्हणून वजन साडेसात क्विंटल, हा दुसरा बिंदू. दोन्ही जोडले की रेषा तयार झाली. ती पुढे वाढवीत नेली तर १०० टक्क्यांवर शून्यास मिळते, आणि तेथे सगळे पाणीच असल्याने ते रास्तही आहे. या रेषेवरून दिसते की, बारावरील ओलाव्याच्या प्रत्येक टक्क्यामागे दहा क्विंटलांतून सुमारे ११.४ किलो घट येते.

वजनाच्या या रेषेवरच भावाचा प्रश्नही सोडविता येतो. समजा, १२ टक्के ओलाव्याच्या मालास क्विंटलला ४,५०० रुपये भाव मिळतो. उभ्या अक्षावर १० क्विंटलांच्या जागी ४,५०० व साडेसात क्विंटलांच्या जागी ३,३७५ लिहिले की झाले. १८ टक्क्यांवरील बिंदू सुमारे ४,१९३ रुपये दाखवितो. हा बरोबरीचा भाव होय. ओल्या मालास व्यापारी ४,३०० रुपये देत असेल तर वाळविण्याची खटपट न करता माल विकणे फायद्याचे ठरते. दहा क्विंटलांचे ४३,००० रुपये हातात पडतात आणि वाळवून सुमारे ४१,९३० च आले असते. त्याने ४,००० च दिले तर वाळविण्यात सुमारे १,९३० रुपयांचा लाभ आहे. मात्र त्यातून वाळवणाची मजुरी व दुसऱ्या खेपेचे गाडीभाडे वजा करावे लागेल. ओला माल घेणारा फसवितोच असे नाही, आणि न्याय्य कपात करतोच असेही नाही. कपात न्याय्य आहे की नाही हे रेषा सांगते: देऊ केलेला भाव रेषेच्या वर असला तर विकावे, खाली असला व ऊन असले तर वाळवावे. माल साठवावयाचा असल्यास मात्र हा प्रश्नच उरत नाही; १८ टक्के ओलाव्याचे सोयाबीन पोत्यात तापते व त्यास बुरशी लागते.

मिश्रणाची चौकट

दोन वस्तू मिसळून ठराविक टक्क्यांची तिसरी वस्तू करावयाची असते तेव्हा वेगळी रीत लागते. दुभत्या जनावरांच्या खुराकाचे उदाहरण घ्यावे. मक्याच्या भरड्यात ९ टक्के व शेंगदाण्याच्या पेंडीत ४० टक्के प्रथिने आहेत असे धरू. पेंडीतील प्रथिने घाण्यावरून व प्रतीवरून बदलतात, म्हणून पोत्यावरील आकडाच धरावा. मिश्रणात १८ टक्के प्रथिने हवी आहेत. एक चौकोन काढून डावीकडील दोन कोपऱ्यांत ९ व ४० आणि मध्यभागी १८ लिहावे. कर्णाच्या दिशेने वजाबाकी करून उत्तरे समोरच्या कोपऱ्यांत लिहावीत. ४० वजा १८ म्हणजे २२ हे मक्याच्या समोर येतात व १८ वजा ९ म्हणजे ९ हे पेंडीच्या समोर. म्हणजे २२ भाग मका व ९ भाग पेंड. एकूण ३१ भागांत पेंड शेकडा २९ व मका शेकडा ७१.

हा चौकोन असे उत्तर का देतो, हे पुष्कळांस कोडे वाटते. आलेखाने ते उलगडते. आडव्या अक्षावर मिश्रणातील पेंडीचे टक्के शून्यापासून शंभरापर्यंत घ्यावेत. पेंड शून्य असेल तेथे प्रथिने ९ व पेंड १०० असेल तेथे प्रथिने ४०. हे दोन बिंदू जोडावेत. ही रेषा एकूण ३१ उंची चढते. १८ पर्यंत येण्यास तिला ९ चढावे लागतात. म्हणून वाटेचा ३१ पैकी ९ भाग पुरा झाला, म्हणजे २९ टक्के. चौकोनातील आकडे ते हेच. सोनाराच्या कसोटीचा हिशेबही याच जातीचा आहे व ‘लीलावती’त सुवर्णगणित या नावाने तो आलेला आहे.

फवारणीच्या औषधांस मात्र आलेख उपयोगी पडत नाही. तेथील प्रमाण इतके सूक्ष्म असते की रेषा अक्षाला चिकटून बसते. तेथे सरळ भागाकार करावा. १० लिटर द्रावणात ०.०५ टक्के क्रियाशील अंश पाहिजे म्हणजे तो ५ मिलिलिटर झाला. औषध ३० टक्के प्रवाही असेल तर ५ गुणिले १०० भागिले ३०, म्हणजे सुमारे १७ मिलिलिटर औषध लागेल. बाटलीवरील टक्के बाटलीतील द्रवाचे असतात व शिफारशीतील टक्के पंपातील द्रावणाचे असू शकतात. या दोहोंत गल्लत झाल्यास पीक करपते आणि फवारणाऱ्याच्या जिवासही अपाय होतो. लेबलावर मिलिलिटरांत मात्रा दिलेली असेल तेथे तीच पाळावी. स्वतंत्र हिशेब करू नये.

घट, वाढ आणि विमा

पीक २० टक्क्यांनी घटले व पुढील वर्षी २० टक्क्यांनी वाढले, म्हणजे ते पूर्वपदावर आले, असे समजले जाते. १० क्विंटलांचे ८ झाले. ८ चे २० टक्के म्हणजे १.६, म्हणून पुढील वर्षी ९.६ क्विंटलच होतात. घट दहाची मोजली व वाढ आठाची मोजली. पूर्वपदावर येण्यास २५ टक्के वाढ हवी.

हाच प्रकार पीक विम्याच्या भरपाईत अधिक गंभीर होतो. २०१६ साली सुरू झालेल्या प्रधानमंत्री पीक विमा योजनेत नुकसान मोजले जाते ते सरासरी उत्पन्नाशी तुलना करून नव्हे, तर उंबरठा उत्पन्नाशी तुलना करून. मागील सात वर्षांपैकी उत्तम पाच वर्षांच्या उत्पन्नाची सरासरी घेऊन तिला जोखीम स्तराने गुणले असता उंबरठा उत्पन्न मिळते. समजा, एखाद्या महसूल मंडळाची ही सरासरी हेक्टरी १२ क्विंटल व जोखीम स्तर ७० टक्के आहे. तर उंबरठा उत्पन्न ८.४ क्विंटल झाले. पीक कापणी प्रयोगांत त्या वर्षी मंडळाचे उत्पन्न ६.३ क्विंटल निघाले. शेतकऱ्याच्या दृष्टीने बारा क्विंटलांचे सव्वासहा झाले, म्हणजे पीक जवळजवळ निम्म्याने बुडाले; अचूक सांगावयाचे तर ४७.५ टक्के. परंतु विम्याच्या हिशेबात ८.४ मधून ६.३ वजा करून २.१ येतात व त्यांना ८.४ ने भागावयाचे असते. उत्तर २५ टक्के. विमा संरक्षित रक्कम हेक्टरी ५०,००० रुपये धरली तर भरपाई १२,५०० रुपये होते, २३,७५० नव्हे.

यात सूत्र चुकलेले नाही. शंभराची जागा बाराऐवजी ८.४ ला दिलेली आहे एवढेच, आणि उत्पन्न मोजले आहे ते मंडळाचे, एका शेताचे नव्हे. आलेखावर हे दाखविण्यास आडव्या अक्षावर मंडळाचे उत्पन्न व उभ्या अक्षावर भरपाईचे टक्के घ्यावेत. ८.४ वर शून्य व शून्य उत्पन्नावर १०० हे दोन बिंदू जोडले असता उतरती रेषा मिळते. ८.४ च्या उजवीकडे ती आडव्या अक्षावरच पडून राहते. म्हणून बाराचे नऊ क्विंटल झाले, म्हणजे पाव पीक गेले, तरी त्या टापूत भरपाई काहीच निघत नाही. स्वतःच्या मंडळाचे उंबरठा उत्पन्न तालुका कृषि अधिकाऱ्याच्या कार्यालयातून पेरणीपूर्वीच विचारून घ्यावे व ही रेषा काढून पावतीसोबत ठेवावी. पीक कापणीचा आकडा जाहीर झाला म्हणजे भरपाई किती यावयास हवी हे बोट ठेवून पाहता येते आणि खात्यावर जमा झालेली रक्कम तिच्याशी ताडता येते.